"कोपरा धरून ओढा, निघतो" : वॉलपेपरच्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

दिवाळी जवळ आली की हा मेसेज फिरायला लागतो, यंदा तर मला एकाच आठवड्यात तीन ग्रुपवर आला, माहेरच्या, कॉलनीच्या आणि भिशीच्या. त्यात थोडक्यात असं म्हणलंय: रंगकाम सोडा, वॉलपेपर लावा. ओल, लोणा (ओलीच्या भिंतीला फुटणारे पांढरे क्षार), भेगा सगळं झाकून जातं. जुन्या रंगावर डायरेक्ट चिकटतो, घरच्या मैद्याच्या खळीनं पण चालतो. रंगापेक्षा स्वस्त पडतो. कंटाळा आला की कोपरा धरून ओढायचा, अख्खा निघतो, भिंतीला काही होत नाही, म्हणून भाड्याच्या घराला तर एकदम बेस्ट. आणि शेवटी, देवघराच्या मागं फोमची 3डी शीट लावा, लई सुंदर दिसते.

मी लातूरला राहते. माझ्या हॉलची एक भिंत मी स्वतः वॉलपेपरनं केली, पाच वर्षांनी स्वतःच काढली, आणि त्यानंतर जाऊबाईंकडचा आणि भावाकडचा काढायला पण मीच गेले. वॉलपेपर मला आवडतो हे आधीच सांगते, चांगल्या भिंतीवर नीट लावलेला वॉलपेपर बघत बसावं असा दिसतो. पण हा मेसेज वाचून माझ्या मावशीनं ओलीच्या भिंतीला पाच रोल लावले आणि एका पावसाळ्यात ते सगळं गेलं, म्हणून लिहायला बसले.

कोपरा धरून ओढला की निघतो, हे म्हणणं सगळ्यात जास्त नुकसान करतंय म्हणून तेच पहिले घेते. वॉलपेपर काय एकाच जातीचा नसतो. आपल्याकडं दुकानात जास्त करून विनाइलचा मिळतो, वर प्लास्टिकचा थर आणि खाली कागद. कोपरा ओढला की वरचा थर सर्रकन हातात येतो, आपल्याला वाटतं झालं काम, आणि खालचा कागद भिंतीला तसाच. माझ्या भिंतीला तो असा बसला होता की नखानं खरवडलं तर नुसते केसासारखे तंतू निघायचे. मी वैतागून कोरडाच पुट्टीच्या पत्तीनं खरवडला, तर पुट्टीसकट रुपयाएवढे पोपडे निघाले, दोन ठिकाणी तर खालचं सिमेंट दिसायलं. मंग ओळखीच्या पेंटरमामांना बोलावलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणले, "ताई, ह्याला आधी पाणी पाजावं लागतंय, कोरड्याला हात लावू नका."

आणि खरंच तेवढंच होतं. बादलीत कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, स्पंजनं साधारण तीन बाय तीन फुटाचा तुकडा भिजवायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मधी वाळला तर परत भिजवायचा. कागदाचा रंग गडद होतो आणि बोटानं ढकलला तर सरकतो, तेव्हा पत्ती भिंतीला जवळजवळ आडवी धरून खालून सरकवायची. उभी धरली की भिंतीत घुसते. माझी खरी चूक हीच होती. वरचा प्लास्टिकचा थर निघतच नसेल तर त्याला जाड पॉलिश पेपरनं ओरखडे पाडायचे म्हणजे पाणी आत जातं. एकदम सगळी भिंत भिजवायची नाही, एका टोकाला काम करेपर्यंत दुसरं टोक वाळून जातं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पाच मिनिटात. आणि स्विचबोर्डाच्या भिंतीला पाणी लावायच्या आधी मेन स्विच बंद, हे मी भावाला तीनदा सांगितलं तरी तो पंखा चालू ठेवून भिजवत बसला होता. कागद निघाला की काम संपत नाही, खळीचा चिकट थर राहतो, ओला हात फिरवला की बुळबुळीत लागतो. तो कोमट पाण्यानं दोन-तीनदा पुसून घ्यायचा, नाहीतर त्यावर मारलेला रंग काही दिवसात तडकून सोलतो. दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, मंग पुट्टी, घासणं, प्रायमर.

नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेला, असा एक प्रकार आहे, तो मात्र कोरडाच पट्टाच्या पट्टा निघतो, पण भिंतीला आधी प्रायमर मारलेला असला तरच. म्हणजे मेसेजमधली ही ओळ एका प्रकाराबद्दल आणि एका अटीवर खरी आहे, आणि लिहिणाऱ्यानं ती सगळ्यांना लावून टाकली.

आता ओल. वॉलपेपर ओल झाकतो म्हणणारानं लोण्याची भिंत जवळून बघितली नसावी. जमिनीतलं किंवा गळक्या पाइपचं पाणी भिंतीत चढतं, येताना विटेतले, प्लास्टरमधले क्षार विरघळवून आणतं, पाणी हवेत उडून जातं आणि क्षार पांढऱ्या पिठासारखे मागं राहतात, तेच प्लास्टर फोडतात. आपल्याकडं किती घरं बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं बांधली आणि त्याच पाण्यानं क्युरिंग केली, म्हणून हा ताप अजूनच जास्त. अशा भिंतीवर प्लास्टिकचा थर चढवला की पाण्याला बाहेर पडायची वाटच राहत नाही. ते खळीला भिजवतं, बुरशीला खायला कागद आणि खळ दोन्ही मिळतं, वरून डिझाइन छान दिसत राहतं आणि मागं काळं होत जातं. मावशीच्या बेडरूममध्ये आधी नुसता कुबट वास यायचा, मावशी गाद्यांना ऊन दाखवत राहिली. मी पलंगामागचा जोड उचलून बघितला तर आतून कागद काळ्या ठिपक्यांनी भरलेला आणि भिंतीचं पीठ हातावर पडायलं. तिला दम्याचा त्रास, आणि ती त्याच भिंतीला डोकं करून झोपत होती.

म्हणून हातभर प्लास्टिकचा तुकडा घ्या, दूधपिशवी कापून घेतली तरी चालते, भिंतीला चारी बाजूनं टेपनं हवाबंद चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूनं, म्हणजे प्लास्टिकच्या आत थेंब धरले तर ओल भिंतीत आहे. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, गच्ची, नळ, बाथरूमची मागची बाजू. आणि पावसाळा संपता संपता बघा, मे महिन्यात लोण्याची भिंत पण कोरडी ठणठणीत वाटते.

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर कूलरचं पण सांगते. परभणी-नांदेडला पारा 42-43 ला गेला की दारंखिडक्या लावून कूलर रात्रभर चालतो, खोलीत दमट हवा कोंडते, आणि ज्या भिंतीवर कूलरचा झोत थेट पडतो तिथले वॉलपेपरचे जोड पहिले उलतात. जाऊबाईंचा असाच गेला, भिंतीत काही दोष नव्हता. कूलरसमोरची भिंत सोडून दुसरी घ्या, एवढंच.

भेगांबद्दल. केसासारखी बारीक, जुनी, वाढत नसलेली भेग पुट्टीनं भरून त्यावर वॉलपेपर लावला तर दिसत नाही, हे मान्य. पण आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तडे देते, आणि पाया खोल मुरमापर्यंत नेलेला नसला की घर तिच्यासोबत हलतं, म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा दरवर्षी त्याच जागी येतात. त्यावर कागद लावला तर एका वर्षात सुरकुती नाहीतर फाटलेली रेघ. आणि मला जास्त काळजी याची वाटते की भेग झाकली की ती वाढतीय का हे कळतच नाही. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्या भागानं बघितलीय त्या भागात तरी भिंतीची भेग झाकायची वस्तू नाही, तिच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून तारीख टाका आणि सहा महिन्यांनी बघा पुढं गेलीय का.

जुन्या रंगावर डायरेक्ट? भिंतीवर ओलं फडकं घासा. रंग फडक्याला आला तर तो साधा डिस्टेंपर किंवा चुना आहे, खळीतल्या पाण्यानं तो विरघळतो आणि वॉलपेपर रंगासकट खाली येतो. जुन्या वाड्यांना तर चुन्याचे थरावर थर असतात, ते खरवडून, प्रायमर मारून मगच लावायचा. ऑइल पेंटची गुळगुळीत भिंत असली तर हलकं घासून घ्या. नवीन प्लास्टरला निदान महिनाभर तरी हात लावू नका, पावसाळ्यात अजून जास्त.

मैद्याची खळ मी लहानपणी पतंगाला आणि वह्यांच्या कव्हरला लई वापरली, साध्या कागदाला ती धरते, जड विनाइलला धरत नाही. त्यात मैदा म्हणजे कसर आणि झुरळांना सरळ जेवण, म्हणून तर पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालायचे, आणि मोरचूद विषारी, रांगतं लेकरू असलेल्या घरात ते करू नका. दुकानात वॉलपेपरची तयार पावडर मिळते ती आणा.

स्वस्ताचा हिशोब मी करून दाखवते, कारण इथं लोक रोल मोजतानाच फसतात. आपल्याकडचा नेहमीचा रोल 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब, म्हणजे साधारण 57 चौरस फूट. भिंत 10 फूट रुंद असली तर सहा पट्टे लागतात. उंची 10 फूट असली तर वरखाली कापायला चार इंच धरून एका रोलमध्ये तीन पट्टे बसतात, दोन रोलमध्ये काम होतं. आता उंची 11 फूट करा. चौरस फुटाच्या हिशोबानं 110 भागिले 57, दुकानदार अजून दोनच रोल सांगणार. पण 11 फूट 4 इंचाचे तीन पट्टे म्हणजे 34 फूट, रोल 33 चा, म्हणून एका रोलमध्ये दोनच पट्टे निघतात आणि तिसरा रोल आणावा लागतो, प्रत्येकातला दहा फुटाचा तुकडा वाया. डिझाइन मोठं असलं तर जुळवताना अजून जातं. वर पुट्टी-प्रायमरचा खर्च रंगाला लागतो तसाच इथं पण लागतो, तो मेसेजमध्ये धरलेलाच नाही. एक भिंत हौसेनं करायला वॉलपेपर परवडतो, अख्खं घर स्वस्तात होतं म्हणू नका.

आणि लावताना पहिला पट्टा चौकटीला किंवा कोपऱ्याला धरून लावू नका, आपल्या भिंती कुठं सरळ असतात, गवंड्याचा ओळंबा सोडून पेन्सिलीनं रेघ मारा आणि तिला धरून लावा. मी चौकटीला धरून लावला होता, सहाव्या पट्ट्यापर्यंत पानंफुलं बोटभर तिरकी झाली आणि पाच वर्षं रोज सोफ्यावर बसलं की तेच दिसायचं. पंखा बंद ठेवा, नाहीतर कडा आधीच वाळतात.

भाड्याच्या घराचं वेगळं काय सांगू, वर जे पोपडे सांगितले ते घरमालकाच्या भिंतीचे निघाले तर डिपॉझिटमधून जातात. भावाचे गेले. लावायच्या आधी मालकाला विचारा आणि भिंतीचा फोटो काढून ठेवा. मागं गोंद असलेला तयार स्टिकरवाला कागद लावलाच असेल तर काढताना हेअर ड्रायरनं गरम करत सावकाश सोलवा, झटका देऊ नका.

शेवटचं देवघर. ती 3डी शीट म्हणजे पॉलिथिलीनचा फोम, मागं गोंद लावलेला. तो पेट घेतो, वितळत खाली थेंब थेंब गळतो आणि ते थेंब पण जळत असतात. आपल्या देवघरात समई असते, नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा असतो, उदबत्तीचं टोक शीटला लागायला किती अंतर असतं ते तुम्हीच बघा. माझ्या शेजारच्या काकूंनी हाच मेसेज बघून लावली होती, मी त्यांच्यासमोर कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा अंगणात नेऊन काडी लावून दाखवला, त्यांनी त्याच संध्याकाळी सगळी काढली आणि तिथं साधी पांढरी टाइल बसवून घेतली. तुमच्या देवघरामागं किंवा गॅसच्या शेगडीमागं ही शीट असेल तर आज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी काढा, भिंतीचे पोपडे निघाले तरी निघू द्या.