अडीचशेचं मीटर आम्ही का दिलं नाही

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरसाठी (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) बुधवार पेठेत आमच्याकडे २५० रुपयांचं, व्होल्टेज-करंट मोजायचं पिवळं मल्टीमीटर मागितलं, तर काउंटरवरच्या मुलाने ‘व्हॉल्व्हच्या कामाला हे देत नाही’ म्हणून १,८०० चं पुढे केलं आणि वर ‘हे नवशिक्याचं काम नाही’ असं ऐकवलं. शिवाय आमच्याकडून नेलेल्या सोल्डरिंग आयर्नचं बिट (तापणारं टोक) महिन्याभरात खड्डे पडून वाया गेलं.

त्या बोलण्याबद्दल मी माफी मागतो. वडिलांच्या हाताखाली रेडिओ दुरुस्तीला बसलो तेव्हा मला रेझिस्टरचे रंगही वाचता येत नव्हते. शिकणाऱ्याला दारातून असं परत पाठवणं या दुकानात चालणार नाही. मुलाशी आज सकाळी बोललो आहे.

मीटर न देणं मात्र माझा नियम आहे, त्यात त्याचा दोष नाही. तेच पिवळं मीटर आम्ही आर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा सर्किट बोर्ड) शिकणाऱ्या मुलांना स्वतःहून देतो, कारण ५-१२ व्होल्टच्या कामाला ते पुरेसं आहे. तुमच्या ईएल ८४ व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये २५० ते ३०० व्होल्ट एच.टी. (हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारा डीसी पुरवठा) असणार. मीटरवर १००० व्होल्ट छापलेलं असलं तरी त्याच्या वायरी पातळ असतात, आणि अशा बऱ्याच मीटरांत १० अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नसतो. वायर चुकून त्या भोकात राहिली आणि पिन एच.टी.ला लागली, तर मीटरमधूनच शॉर्ट होतो, पुढचं सांगायला नको.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १ मेगओहम (दहा लाख ओहम) असतो, बऱ्या मीटरचा १० मेगओहम. आता समजा, कपलिंग कंडेन्सर (आवाजाचा सिग्नल पुढे देणारा, पण डीसी अडवणारा) थोडा लीक आहे आणि ईएल ८४ च्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर), ४७० के म्हणजे ४,७०,००० ओहमच्या रेझिस्टरपाशी, ३ व्होल्ट चढलेत. पिवळं मीटर तिथे २ च्या आसपास दाखवेल, कारण ते स्वतःच त्या रेझिस्टरला पॅरलल होतं. २५० व्होल्टला या व्हॉल्व्हचं बायस (करंट आवरून धरणारं ग्रिडचं उणं व्होल्टेज) सव्वासात व्होल्टच्या आसपास असतं, म्हणजे त्यातले ३ व्होल्ट गेले तर प्लेट लाल व्हायला लागते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. ट्रान्सफॉर्मर नव्याने वाइंड करून घेणं मीटरपेक्षा महाग पडतं.

तुमची खरी तक्रार मला इथे पटते: एक महाग वस्तू दाखवून आम्ही थांबलो. स्वस्तात काय होतं ते सांगायला हवं होतं, म्हणून आता सांगतो.

घरात पिवळं मीटर असेलच तर ते कॅथोडवर (व्हॉल्व्हमधला करंट जिच्या रेझिस्टरमधून जातो त्या पिनवर) लावा. अँप्लिफायर बंद असताना क्लिप लावायची, मग चालू करायचा, हात लांब. तिथे व्होल्टेज कमी आणि रेझिस्टर लहान, त्यामुळे रीडिंग बरोबर येतं. कॅथोडच्या १३५ ओहमच्या रेझिस्टरवर ७ व्होल्ट आले की व्हॉल्व्ह ५२ मिलिअँपिअर घेतोय. हा आकडा हळूहळू चढत गेला तर आधी कपलिंग कंडेन्सरवर संशय घ्या. एच.टी. मोजायला पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी काट्याचं मीटर शोधा. त्यावर २०,००० ओहम प्रति व्होल्ट लिहिलेलं असलं तर ५०० च्या रेंजला ते १० मेगओहमचं होतं. वायरी मात्र नव्या, जाड इन्सुलेशनच्या लावा. ग्रिडवर ते वापरू नका, लहान रेंजला ते पिवळ्यापेक्षाही वाईट आहे.

पहिला खर्च मात्र मीटरवर नको, सिरीज बोर्डवर करा. एक फळी, एक होल्डर, एक सॉकेट आणि ६० वॅटचा तारेचा बल्ब (एलईडी अजिबात चालत नाही). अँप्लिफायर पहिल्यांदा लावताना या बल्बमधून लावायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. तार गरम झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि तोच करंट अडवतो. वडिलांनी केलेला असा बोर्ड माझ्या टेबलावर आजही आहे. हजारांची उपकरणं घेतली, पण सर्वांत जास्त व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर त्यानेच वाचवलेत.

आणि १० के, ५ वॅटचा एक रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपा लावून तयार ठेवा. बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर (एच.टी. साठवून धरणारा) त्यातून रिकामा करायचा आणि मीटरने शून्य झालंय का ते बघायचं. ४७ मायक्रोफॅरडचा असेल तर तीन सेकंदांत होतं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, कितीही जुना मेकॅनिक तसं करताना दिसला तरी.

आता बिट. फोटोवरून दिसतंय की ते कानशीने घासलंय. तुम्हाला ज्यांनी कुणी घासायला सांगितलं ते जुन्या तांब्याच्या बिटाबद्दल बरोबरच सांगत होते, आम्हीही तसंच करायचो. हे बिट लोखंडाचा मुलामा दिलेलं आहे. मुलामा गेला की आतलं तांबं शिसं-कथलात विरघळतं आणि खड्डा पडतो. ओल्या स्पंजवर पुसायचं आणि बंद करण्याआधी थोडं सोल्डर लावून ठेवायचं, एवढंच पुरतं. हे विकताना सांगणं आमचं काम होतं. शिवाय चासीला (अँप्लिफायरच्या पत्र्याच्या सांगाड्याला) अर्थच्या वायरीचा सोल्डरचा डाग द्यायला तुमच्या आयर्नचे २५ वॅट कमी पडतात. डाग धरत नाही म्हणून माणूस बिट घासत बसतो. त्या दोन-तीन डागांपुरतं आमचं ६० वॅटचं आयर्न घेऊन जा, काम झालं की परत करा.

नवं बिट तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय, पैसे नकोत आणि बिलाचीही गरज नाही. शनिवारी चारनंतर गर्दी कमी असते. चासी घेऊन आलात तर पहिल्यांदा आमच्या सिरीज बोर्डवरच लावून बघू.