दुधाचा हिशेब

इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातल्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. दूधवाला भिया (इंदुरी बोलीत भैयाला, कुणालाही, भिया म्हणतात) सकाळी दीड लिटर घालून गेला की आजी त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने ‘१॥’ लिहिते. नाही आला तर ‘खाडा’. महिनाअखेरीला बेरीज, वजाबाकी, भांडण, चहा आणि मग पैसे. एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत सहा वर्षं नोकरी केल्यावर सांगतो, आमची टाइमशीट म्हणजे हेच कॅलेंडर. फक्त गोठ्यात मी.

दर शुक्रवारी आठवड्याचे तास भरायचे. प्रत्येक तासाला एक कोड, म्हणजे दूध कुठल्या क्लायंटच्या भांड्यात पडलं ते. क्लायंटच्या नावावर लावता येतात ते तास ‘बिलेबल’. त्यांची टक्केवारी म्हणजे युटिलायझेशन. डेअरीत फॅट बघून भाव लावतात, तसा वर्षाच्या शेवटी आमचा भाव त्यावरून लागतो. एक प्रोजेक्ट संपून दुसरं मिळेपर्यंत माणूस ‘बेंच’वर. आजीच्या भाषेत भाकड. पगार चालू असतो हो, पण लोक जाता-येता असे बघतात की चारा घशाखाली उतरत नाही. टाइमशीट भरण्यात जाणाऱ्या पाऊण तासाला मात्र कुठलाच कोड नाही.

“तू नेमकं करतोस काय?” असं आजीने एकदा विचारलं. मी उत्साहाने तिच्याच वहीत चार खणांचा चौकोन काढला. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसनने १९७० साली मांडलेला. एका बाजूला बाजारातला हिस्सा, दुसऱ्या बाजूला बाजाराची वाढ. वाढत्या बाजारात मोठा हिस्सा असलेला धंदा म्हणजे तारा, लहान हिस्सा असलेला प्रश्नचिन्ह. बाजार वाढत नाही पण हिस्सा मोठा, ती दुभती गाय. तिचं दूध काढायचं आणि प्रश्नचिन्हाला पाजायचं. दोन्ही नाही तो कुत्रा, तो विकून टाकायचा.

“कुत्रा विकत घेतं कोण?” आजी म्हणाली. “आणि गाईच्या चाऱ्याचा खण कुठेय?”

मी वही मिटली.

सध्याचं प्रोजेक्ट पीथमपूरला आहे, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. त्यामुळे सहा वर्षांत पहिल्यांदाच घरी राहतोय. पोरगा परत आला म्हणून आईने पहिल्या रविवारी पोहे-जिलबीचा घाट घातला. पोरगा दार लावून कॉलवर होता.

परवा रात्री साडेअकराला गुरुग्रामहून मॅनेजरचा फोन आला. स्लाइड २३ वरचा तिसरा चौकोन खाली सरकल्यासारखा वाटतोय. चारशे टक्के मोठं करून बघितलं. खरंच होता, केसभर! एवढी नजर त्याने कारखान्याच्या आकड्यांवर टाकली असती तर बरं झालं असतं, पण ते असो. त्याच वेळी मित्राने सराफ्यातून फोटो पाठवला. सोन्या-चांदीची दुकानं बंद झालेली, त्यांच्या ओट्यांपुढे कढया चढलेल्या, तळलेल्या गराडू कंदाच्या फोडींवर जीरावन मसाला भुरभुरलेला. खाली लिहिलेलं, ‘आ जा भिया.’ मी तिसरा चौकोन वर उचलला. मग चौथा खाली वाटायला लागला.

आजी पाणी प्यायला उठली. “इतक्या रात्री काय करून राहिलायस?”

“चौकोन सरळ करतोय.”

“वाकडा कोणी केला?”

“मीच.”

दोन वाजता काम संपलं. शुक्रवारी ते अडीच तास भरायला गेलो, तर मॅनेजर प्रेमाने म्हणाला, “ते राहू दे. प्रोजेक्टचं बजेट संपत आलंय.” म्हणजे दूध काढलं, प्यायलं, मापात मात्र धरलं नाही. वर युटिलायझेशन थोडं कमी दिसतंय, हेही त्यानेच सांगितलं.

महिनाअखेरीला आजीने कॅलेंडर उतरवलं. भियाचे तीन खाडे, साडेचार लिटर वजा. त्याच चौकोनांच्या कोपऱ्यांत लाल पेन्सिलीच्या बारीक फुल्याही होत्या. मोजल्या तर एकोणीस.

“या कसल्या?”

“रात्रीच्या जेवणाला हाक मारली आणि तू आला नाहीस, त्या दिवसांच्या.” तिने चष्मा वर सरकवला. “भियाचे पैसे मी कापले. तुझे कोणाचे कापू? त्या मॅनेजरचा नंबर दे.”