रंगीत ठिपके म्हणजे सेन्सर जळाला असे नव्हे

‘रात्रीच्या फोटोत लाल-निळे ठिपके दिसले की कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) जळाला समजा, तो बदलावाच लागतो’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि असल्या मेसेजपायी कुणाचे हजारो रुपये पाण्यात जाऊ नयेत म्हणून हा खुलासा.

हे ठिपके म्हणजे हॉट पिक्सेल. प्रकाश नसतानाही सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलमधून (प्रकाश टिपणाऱ्या बारीक बिंदूतून) थोडा विद्युतप्रवाह गळत असतो. काहींमधून तो जास्त गळतो. सेन्सर तापला आणि शटर बराच वेळ उघडे राहिले की तेच उठून दिसतात. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो, म्हणून ठिपकाही त्याच रंगाचा. नव्याकोऱ्या कॅमेऱ्यातही असे पिक्सेल असतात.

खात्री करायची तर लेन्सवर झाकण लावून 30 सेकंदांचे दोन फोटो काढा आणि 100 टक्के मोठे करून बघा. ठिपके दोन्हींत नेमके त्याच जागी असतील तर ते हॉट पिक्सेलच. सेन्सर पुसून ते जाणार नाहीत, उगाच ओरखडा मात्र पडेल. (धुळीचा डाग काळपट आणि धूसर दिसतो, तोही उजेडातल्या फोटोत.)

मेनूतले ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू करा. कॅमेरा तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेऊन ठिपके वजा करतो. वेळ मात्र दुप्पट लागतो. ऑलिंपसच्या अनेक कॅमेऱ्यांत ‘पिक्सेल मॅपिंग’ही आहे, म्हणजे कॅमेरा असे पिक्सेल शोधून त्यांची जागा शेजारच्या पिक्सेलवरून भरतो. लाइटरूम हे फोटो सुधारायचे सॉफ्टवेअर रॉ फाइलमधले (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधले) बरेचसे ठिपके आपणहून काढते.

दिवसाच्या साध्या फोटोतही ठिपका ठळक दिसत असेल, तरच सर्व्हिस सेंटर गाठा. तिथेही आधी मॅपिंगच करायला सांगा.