गुप्ता बंधूंना ‘आपली माणसं’ म्हणण्याआधी

‘सहारनपूरच्या तीन भावांनी आफ्रिकेत शून्यातून साम्राज्य उभं केलं. गोऱ्या भांडवलदारांना ते बघवलं नाही. भारतीय असल्याची शिक्षा म्हणून त्यांना देशोधडीला लावलं आणि त्यांचे मित्र राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांनाही कट करून घालवलं. कोर्टात मात्र आजवर काहीच सिद्ध झालेलं नाही.’

या आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. परवा तो आमच्या शाळेच्या जुन्या गटात आला आणि खाली लगेच हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्यातलं पहिलं अर्धं वाक्य सोडलं तर बाकी सगळं चुकीचं तरी आहे किंवा अर्धवट तरी. अतुल गुप्ता १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले, संगणकांचा धंदा त्यांनी मेहनतीने वाढवला, अजय आणि राजेश हे भाऊही पुढे त्यात आले, इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. तक्रार त्यापुढच्या गोष्टींची आहे.

‘ते फक्त धंदा करत होते, राजकारणाशी त्यांचा संबंध नव्हता.’

राष्ट्राध्यक्षांचा मुलगा दुदुझाने झुमा गुप्तांच्या कंपन्यांमध्ये भागीदार होता आणि मुलगी दुदुझिले त्यांच्या संगणक कंपनीत संचालक होती. पण नात्यागोत्यांचं सोडा. २३ ऑक्टोबर २०१५ या दिवसाकडे बघा. जोहान्सबर्गच्या सॅक्सनवोल्ड भागात गुप्तांचा बंगला होता. उपअर्थमंत्री मॅसेबिसी जोनास यांना दुदुझाने तिथे घेऊन गेला. जोनास यांनी या प्रकरणांची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगापुढे शपथेवर जे सांगितलं ते असं: अर्थमंत्रिपद घ्या, आमच्या मार्गात येणारे अर्थखात्यातले अधिकारी दूर करा, ६० कोटी रँड (तिथलं चलन) देऊ, असा प्रस्ताव गुप्तांपैकी एकाने ठेवला. सहा लाख तर आत्ता लगेच न्या, बरोबर बॅग आहे का, असंही विचारलं. जोनास उठून निघून आले. गुप्तांनी आणि दुदुझानेने हे सगळं नाकारलं आहे, तेही नोंदवायला हवं.

पण पुढे काय झालं ते कुणाला नाकारता येत नाही. ९ डिसेंबर २०१५ ला झुमांनी अर्थमंत्री न्लान्ला नेने यांना अचानक काढलं आणि देशात फारसं कुणाला ठाऊक नसलेले खासदार डेस व्हॅन रॉयन यांना बसवलं. रँड गडगडला, बँकवाले आणि पक्षातले लोक धावत आले, आणि चार दिवसांत झुमांना निर्णय फिरवावा लागला. लोकपाल थुली मादोन्सेला यांनी व्हॅन रॉयन यांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या. नेमणुकीच्या आदल्या दिवसासह किमान सात वेळा ते सॅक्सनवोल्ड परिसरात होते, असं त्यांच्या २०१६ च्या अहवालात आहे. एका घरात देशाचा अर्थमंत्री ठरत असेल, तर त्या घराला नुसतं व्यापाऱ्याचं घर कसं म्हणायचं?

माजी खासदार व्हिट्जी मेंटर यांचाही असाच एक आरोप होता. जोहान्सबर्ग-मुंबई ही सरकारी विमानसेवा बंद करण्याच्या बदल्यात आपल्याला मंत्रिपद देऊ केलं होतं, असं त्यांनी सांगितलं. मुंबईचं नाव आल्यामुळे तो आपल्याकडे आवडीने सांगितला जातो. त्यांच्या साक्षीतल्या तपशिलांवर बरेच प्रश्न उभे राहिले होते, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही. त्याची गरजही नाही.

‘सरकारी पैशाला त्यांनी हात लावला नाही.’

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या मजकुरात ज्यांचा उल्लेखच नसतो ती माणसं इथे आहेत.

फ्री स्टेट प्रांतात फ्रीडे नावाचं एक लहानसं गाव आहे. आफ्रिकान्स भाषेत या शब्दाचा अर्थ शांतता. तिथे प्रांताच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये दूधप्रकल्प सुरू केला. गावातल्या सुमारे ८० गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना त्यात हिस्सा मिळणार होता. गायी, गोठे, दूध, महिन्याची मिळकत अशी स्वप्नं दाखवली गेली. प्रकल्प एस्टिना नावाच्या कंपनीला दिला, तोही निविदा न काढता. जमीन ९९ वर्षांच्या कराराने फुकट. त्या कंपनीचा संचालक संगणक क्षेत्रातला विक्रेता होता, शेतीचा अनुभव शून्य. सरकारी तिजोरीतून सुमारे २८ कोटी रँड गेले. शेतकऱ्यांच्या पदरात काहीही पडलं नाही. २०१३ मध्येच पत्रकारांना ओढ्याकाठी टाकलेल्या मेलेल्या गायी दिसल्या होत्या. ज्यांच्या गोठ्यात जनावर असतं त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पैसा कुठे गेला? २०१७ मध्ये गुप्तांच्या कंपन्यांमधले लाखो ईमेल पत्रकारांच्या हाती लागले. त्यांतून दिसलेली वाट अशी: एस्टिनाकडून पैसा दुबईला, दुबईहून फिरून गुप्तांच्याच दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीत. त्यातले जवळपास तीन कोटी रँड खर्च झाले ते सन सिटी या आलिशान रिसॉर्टमधल्या एका लग्नावर, आणि हिशेबात ते धंद्याचा खर्च म्हणून दाखवले गेले. नवरी गुप्तांची भाची. या लग्नाची वऱ्हाडी मंडळी जेट एअरवेजच्या खास विमानाने भारतातून गेली आणि ते विमान ३० एप्रिल २०१३ ला उतरलं वॉटरक्लूफच्या लष्करी तळावर, जिथे परदेशी राष्ट्रप्रमुख उतरतात. शेतकऱ्यांच्या गायींच्या पैशावर वरात निघाली. मला यापेक्षा सौम्य शब्दात ते लिहिता येत नाही.

रेल्वेचा व्यवहार याच्या कितीतरी पट मोठा. ट्रान्सनेट या सरकारी कंपनीने १,०६४ इंजिनं घ्यायचं ठरवलं, तेव्हा अंदाज होता ३८.६ अब्ज रँडचा. करार झाला ५४ अब्जांवर. चिनी कंपनीकडून गुप्तांच्या साथीदाराच्या कंपन्यांना मोठी दलाली गेली, हे आयोगाच्या अहवालात सविस्तर आहे.

‘कोर्टात काहीच सिद्ध झालं नाही.’

यात थोडं तथ्य आहे आणि ते लपवू नये. फ्रीडे प्रकल्पाशी जोडलेल्या एका खटल्यात एप्रिल २०२३ मध्ये आरोपी सुटले. सरकारी वकिलांनी तो इतका कच्चा मांडला होता की न्यायाधीशांनी त्यांना चांगलंच सुनावलं. सरकार पक्ष त्यावर अपिलात गेला. पण त्या खटल्यात गुप्ता बंधू आरोपीच्या पिंजऱ्यात उभेच नव्हते, कारण ते त्याच्या कितीतरी आधी, २०१८ च्या सुमारास, देश सोडून गेले होते. जो हजरच होत नाही, त्याच्यावर गुन्हा सिद्ध कसा व्हायचा?

‘दुबईच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं’ हेही तसंच. अतुल आणि राजेश यांना जून २०२२ मध्ये दुबईत अटक झाली. तिथल्या न्यायालयाने फक्त प्रत्यार्पण नाकारलं: एका आरोपाबाबत अधिकारक्षेत्र आपलंही आहे म्हणून, आणि दुसऱ्याबाबत अटक वॉरंटच्या कागदपत्रांत खोट निघाली म्हणून. गुन्हा केला की नाही, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच.

न्यायमूर्ती रेमंड झोंडो यांचा आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, हे मान्य. पण त्याने तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले. तो स्थापन केला होता खुद्द झुमांनीच, न्यायालयाने भाग पाडल्यावर. गुप्तांनी देशात येऊन साक्ष द्यायला नकार दिला, परदेशातून बोलू म्हणाले. झुमा एक दिवस सुनावणीतून उठून गेले आणि न्यायालयाचा आदेश असूनही परतले नाहीत. त्या अवमानासाठी २०२१ मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली.

‘गोऱ्या कंपन्यांनी केलं तर चालतं.’

चालायला नको, आणि चाललंही नाही. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीला एस्कॉम या सरकारी वीज कंपनीचे सुमारे एक अब्ज रँड परत करावे लागले. मॅकिन्झी आणि सॅप ही सॉफ्टवेअर कंपनी या दोघांनाही दक्षिण आफ्रिकेतल्या लाचखोरीबद्दल पुढे अमेरिकेत मोठा दंड भरावा लागला. गुप्तांच्या कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या केपीएमजीच्या तिथल्या वरिष्ठांना २०१७ मध्ये पायउतार व्हावं लागलं. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांनी त्या देशाची जी लूट केली तिचा हिशेब आजही पुरा झालेला नाही, हे शंभर टक्के खरं आहे. पण त्या जखमेचा वापर कुणी आणि कसा केला ते पाहा. गुप्तांच्या कंपनीने लंडनची बेल पॉटिंजर ही जनसंपर्क संस्था महिना एक लाख पौंडांवर नेमली होती. गुप्तांवरची टीका म्हणजे गोऱ्या मक्तेदार भांडवलाचा डाव, ही मांडणी देशभर पसरवली गेली ती या मोहिमेतून. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या व्यवसाय संघटनेने वांशिक तेढ वाढवल्याबद्दल त्या संस्थेला काढून टाकलं आणि काही दिवसांत ती बुडाली. आपल्या गटात हात जोडले गेले ते या पैसे देऊन पसरवलेल्या गोष्टीला.

‘झुमांना कट करून घालवलं.’

झुमांनी १४ फेब्रुवारी २०१८ ला राजीनामा दिला तो त्यांच्याच पक्षाने सांगितल्यावर. २००८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थाबो मबेकी यांना त्याच पक्षाने याच पद्धतीने घरी पाठवलं होतं, आणि त्याचा लाभ झुमांना झाला होता. त्यांना मानणारे लोक आजही पुष्कळ आहेत, २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्या नव्या पक्षाला १४ टक्क्यांहून जास्त मतं पडली. लोकप्रियता खरी आहे. तिने फ्रीडेचे पैसे परत येत नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले: ‘भारतीय म्हणून त्यांना लक्ष्य केलं.’

गुप्तांच्या वाटेत सगळ्यांत घट्ट पाय रोवून उभा राहिलेला माणूस कोण होता? प्रवीण गोरधन. डर्बनच्या भारतीय घरातला फार्मासिस्ट, वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेलेला, आणि डिसेंबर २०१५ च्या त्या चार दिवसांनंतर अर्थमंत्री झालेला. २०१९ मध्ये या प्रकरणांच्या खटल्यांची जबाबदारी ज्यांच्याकडे आली त्या तेव्हाच्या राष्ट्रीय अभियोग संचालक शमिला बटोही, याही डर्बनच्याच. दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून नेलेल्या आणि मागाहून व्यापारासाठी गेलेल्या लोकांचा हा समाज. त्यांना ‘आपली माणसं’ म्हणायचं सोडून आपण गुप्तांना म्हणतो.

आणि हा वंशाचा खेळ तिथे किती महाग पडतो तेही पाहिलं पाहिजे. जुलै २०२१ मध्ये झुमा तुरुंगात गेल्यावर जी दंगल उसळली, तिच्यात तीनशेहून जास्त माणसं मेली. डर्बनजवळच्या फिनिक्स या भारतीय वस्तीत ३६ जण मारले गेले, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. त्या आगीत इथून तेल ओतणारा मजकूर पुढे पाठवताना हात थरथरायला हवा.

अहमद कथ्राडा यांचं नाव त्या मजकुरात कधीच नसतं. गुजरातेतून गेलेल्या कुटुंबात जन्मलेले, वर्णभेदी सरकारने चालवलेल्या रिव्होनिया खटल्यात मंडेलांबरोबर जन्मठेप भोगलेले, २६ वर्षं तुरुंगात काढलेले. पक्षाच्या शिस्तीबाहेर जाऊन जाहीर बोलण्याची त्यांना सवय नव्हती. पण २०१६ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी झुमांना पत्र लिहून पद सोडण्याची विनंती केली. वर्षभरात ते गेले. २९ मार्च २०१७ ला त्यांच्या अंत्यविधीला झुमा नव्हते. कुटुंबाची तशी इच्छा होती. माजी राष्ट्राध्यक्ष कगालेमा मोटलांथे यांनी त्या पत्रातला मजकूर वाचून दाखवला तेव्हा लोक उभे राहिले. गोरधन तिथेच बसले होते, डोळे पुसत. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास झुमांनी त्यांना अर्थमंत्रिपदावरून काढलं.