कलेजीच्या भावात हृदय

कोल्हापुरात माणूस मटणाच्या दुकानात का चाललाय, हे एरवी कुणी विचारत नाही. श्रावणात मात्र त्या बोळात नुसतं वळलं तरी चार ओळखीचे भेटतात आणि चौघांच्याही नजरेत एकच प्रश्न असतो: घरात सांगून आलाय का?

मी सांगून आलो होतो. भांडून आलो होतो म्हणा हवं तर. लेक फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला, आणि तिची हृदयाची तोंडी परीक्षा नेमकी श्रावणात. कॉलेजात अख्ख्या वर्गात मिळून एक प्लास्टिकचं हृदय आहे. उजवी बाजू निळी, डावी तांबडी, झाकणं उघडतात आणि माइट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे डावीकडची झडप, कुणीतरी आठवण म्हणून घरी नेलेला.

"बाबा, खरं बघितल्याशिवाय डोक्यात बसणार नाही," तिनं जाहीर केलं.

आमच्या वेळी बारावीला झुरळ असायचं. ते शोधायला कुठं जावं लागत नसे. पुढं २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, प्राणिशास्त्राच्या वर्गांतली चिरफाडच बंद केली, ते बरंच झालं. पण जो बोकड तसाही कुणाच्या तरी रश्श्यात जाणार, त्याचं हृदय बघायला कुणाची हरकत असणार, असा लेकीचा युक्तिवाद होता. हरकत माझ्या आईची होती.

"श्रावणात मटण उंबऱ्याच्या आत येणार नाही."

"आई, खायला नाही गं, अभ्यासाला."

"मग गणिताचा अभ्यास करा."

शेवटी तह झाला. माल बाहेरच्या जिन्यानं थेट गच्चीवर जाणार. घरातली एकही वस्तू वर जाणार नाही. उरकल्यावर सगळ्यांनी डोक्यावरून अंघोळ करायची. यात बायकोनं न बोलता एक कलम वाढवलं: विळी लपवून ठेवली.

दुकानात चिटपाखरू नव्हतं. गटारीला इथं रांग कोपऱ्यापर्यंत जाते. आता मामा एकटेच पेपर वाचत बसलेले. "दिल पायजे, अख्खं. चिरायचं न्हाई, आणि वरच्या नळ्या लांब ठेवा," म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला.

"कसली भाजी करताय वो ह्याची?"

मी परीक्षेचं सांगितलं. तेव्हापासून मामांचा अवतारच बदलला. गिऱ्हाईक नसलेला आणि विषय माहीत असलेला माणूस, दुसरं काय होणार! आकड्याला फुफ्फुसासकट लटकलेलं हृदय त्यांनी खाली काढलं, भोवतीची पातळ पिशवी सुरीच्या टोकानं फाडली आणि माझा अंगठा धरून त्यावर दाबला. "हितं दाबा. टणक लागतंय? ही डावी. आता हितं. मऊ हाय नव्हं? ही उजवी. पोरीला सांगा, डोळ्यानं शोधू नको, बोटानं शोध."

एवढं शिकवून त्यांनी हृदय कलेजीच्या भावात लावलं. शिक्षणाला सवलत नाही.

औषधाच्या दुकानात शस्त्रक्रियेच्या सुरीचं चार नंबरचं हँडल आणि त्याला बसणारं बावीस नंबरचं ब्लेड मागितलं, तर तिथला पोरगा हातातल्या पिशवीकडं बघून म्हणाला, "काका, पेशंट कुठाय?"

गच्चीवर वर्तमानपत्र अंथरलं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी एकदा आमच्याकडं बघितलं आणि अर्धे ओले कपडे गोळा करून खाली गेल्या. लेकीनं नळाखाली हृदय धुतलं, आतल्या काळपट गुठळ्या निघाल्या, आणि पुस्तक उघडून शेजारी ठेवलं. इथून खरा ताप सुरू झाला.

"यातली निळी बाजू कुठली?" मी विचारलं.

निळं काहीच नव्हतं. तांबडंही नव्हतं. सगळा एकच मळकट तपकिरी ऐवज, वर पिवळट चरबी. पुस्तकातल्या हृदयाला बाण असतात, नावं असतात, ते तुमच्याकडं तोंड करून उभं असतं. हे आडवं होऊन पडलं होतं आणि कुठल्याही बाजूनं पाठमोरंच दिसत होतं. त्यात भर म्हणजे हृदय समोरून बघताना त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. लेक पुस्तक उलटं करून बघत होती, मी हृदय उलटं करून बघत होतो, त्यामुळं आमचं काही जमेना.

मग मामांचं ऐकलं. डोळे मिटून दाबलं आणि लगेच लागलं! उजव्या निलयाला, म्हणजे खालच्या कप्प्याला, रक्त ढकलायचं ते शेजारच्या फुफ्फुसापर्यंत. डाव्याला शेंडीपासून खुरापर्यंत. म्हणून डावी भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड. खालचं टोकही डाव्याचंच. वरच्या नळ्यांतही तेच. अंगभर रक्त नेणाऱ्या महाधमनीचं तोंड कापल्यावरही गोल उभं राहतं, फुफ्फुसाकडची धमनी पातळ असल्यानं मिटून पडते. लेकीनं अंगातलं रक्त परत आणणाऱ्या महाशिरेतून करंगळी घातली, ती उजव्या अलिंदातून, म्हणजे वरच्या कप्प्यातून, झडपेच्या पलीकडं निलयात उतरली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला कलेजीचा भाव वसूल झाल्यासारखं वाटलं.

पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीनं बैलाच्या हृदयात वितळलेलं मेण ओतून आतल्या पोकळीचा साचा काढला होता. त्याच्या घरी आई-बायको नसाव्यात. आम्ही मेणबत्ती मागायला खाली गेलो असतो तर तह तिथंच मोडला असता. आम्ही पाण्यावर भागवलं. महाधमनीत नळाचं पाणी सोडलं आणि पाणी चक्क थांबलं! आत वाकून बघितलं तर तीन पातळ पदर फुगून एकमेकांना टेकलेले, मध्ये फट नाही. प्राण गेला तरी झडपेनं काम सोडलं नव्हतं.

मग लेकीनं डाव्या बाजूनं चीर दिली. आत माइट्रलच्या दोन पाकळ्या आणि त्यांना खालच्या स्नायूंशी बांधणारे पांढरे धागे, गणपतीच्या मांडवाला ताणून बांधलेल्या दोऱ्यांसारखे. मी चिमट्यानं एक ओढला. तुटेना. हे धागे झडप उघडत नाहीत, ती दाबानं अलिंदात उलटू नये म्हणून धरून ठेवतात, हे लेकीनं मला सुनावलं. मधल्या पडद्यात मी भोक शोधत होतो, त्यावरही सुनावलं. रोममध्ये माणसाचं शव फाडायला बंदी होती, म्हणून दुसऱ्या शतकातला वैद्य गेलेन जनावरांवर शिकला, आणि या पडद्याला न दिसणारी छिद्रं असतात असं लिहून बसला. युरोपनं ते हजारावर वर्षं मानलं. तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीसनं छिद्रं नाहीत म्हणून ठणकावलं, १६२८ मध्ये इंग्रज डॉक्टर हार्वीनं रक्त गोल फिरतं हे मांडलं. न दिसणाऱ्या गोष्टीवर एवढा विश्वास फक्त आमच्या आईचा आहे.

आणि तीच जिन्यात उभी होती. छत्री घेऊन, पदर नाकाला लावून. "झालं का?" म्हणत एक-एक पायरी चढत शेवटी वर्तमानपत्राच्या कडेला आली.

"ह्यात माझी स्प्रिंग कुठं बसवलीया?"

आईची अँजिओप्लास्टी झालेली आहे. लेकीनं पुढच्या तिरक्या खाचेतली चरबी ब्लेडनं अलगद बाजूला केली. खाली बारीक रक्तवाहिनी. "ही बघ आज्जी, पुढून खाली उतरते ती. तुझी ह्यातच अडली होती."

"पण डॉक्टरनं तर मनगटातनं तार घातली होती. मनगटातनं हितं कशी आली?"

"हाताच्या धमनीतून महाधमनीत, आणि तिथून उलटी खाली. झडपेच्या लगेच वर दोन भोकं असतात, हृदयाचं स्वतःचं रक्त तिथूनच सुटतं. थांब, दाखवते. पण बारीक काडी पाहिजे."

आई खाली गेली. मला वाटलं आंघोळीला गेली. ती देवघरातली उदबत्तीची काडी घेऊन आली. घरातली वस्तू वर नाही, हे कलम कुणी काढलं नाही. काडी झडपेच्या वरून हळूच सरकली आणि बाहेरच्या खाचेत तिचं टोक हललेलं आम्हा तिघांनाही दिसलं. आईनं पदर नाकावरून कधी काढला, कळलं नाही.

"फुफ्फुसं कधी आहेत परीक्षेला?" तिनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात, आज्जी."

"म्हणजे गणपतीत," आई माझ्याकडं वळली. "तेव्हा अजिबात चालायचं न्हाई. श्रावण मोडायचा तो मोडलाच आहे, आत्ताच जाऊन घेऊन ये. आणि भाव करून घे. दिलाला कलेजीचा भाव देतात व्हय कुणी!"