रॉकेट कसाऱ्याला गेलं

आमचं घर नाशिकरोडला. जन्मापासून तिथंच आहे, वीजबिलही बिनचूक तिथंच येतं. पण गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री साडेअकराला मला कळलं, की आपण कसाऱ्याच्या खालच्या डोंगरात राहतो.

हे सांगितलं जीपीएसच्या एका नखाएवढ्या चिपनं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या कॉलेजातल्या पोरांनी रॉकेट करायला घेतलं. "मामा, तू कंपनीत असलंच काहीतरी करतोस ना?" मी नाशिकच्याच अंबड भागातल्या एका कंपनीत पंपांच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, लिहितो. पंप बिचारा एका जागी बसलेला असतो. तू कुठे आहेस, असं त्याला जन्मात कुणी विचारत नाही. पण पोरानं हे विचारलं बहिणीच्या देखत. नाही म्हणायची सोय नव्हती.

काम ऐकायला सोपं. रॉकेटच्या पोटात छोटा कॉम्प्युटर. त्यानं जीपीएसकडून ठिकाण घ्यायचं आणि रेडिओवरून खाली कळवायचं, म्हणजे पडलेलं रॉकेट शोधता येईल.

पहिला प्रयोग हॉलमध्ये केला. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथून येणारा सिग्नल आपल्यापर्यंत पोहोचेतो मेल्यातच जमा असतो, त्यात वर आमचा स्लॅब. चिप दर सेकंदाला एक ओळ पाठवत होती: डॉलर, जीपीजीजीए (ठिकाण सांगणाऱ्या ओळीची ही ठरलेली सुरुवात) आणि पुढे, आकड्यांच्या जागी, नुसते स्वल्पविराम. बोलायचं खूप आहे पण सांगायला काही नाही, अशा पाहुण्यासारखी. शेवटी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलो. "कोण आहे रे वर?" शेजारच्या काकू खिडकीतून ओरडल्या. "मीच, काकू. उपग्रह बघतोय." खिडकी लागल्याचा आवाज आला.

मिनिटाभरात स्वल्पविरामांच्या मधे आकडे आले. ते नकाशावर टाकले, तर टाचणी कसाऱ्यापाशी.

अशा वेळी माणूस स्वतःवर सोडून सगळ्यांवर संशय घेतो. मी आधी चिपवर घेतला, मग अँटेनावर, मग अमेरिकेच्या उपग्रहांवर. चिप बदलली. नवी चिपही कसाऱ्यालाच. मग सगळं बोचकं ॲक्टिव्हाच्या डिकीत घालून गंगापूर रोडला बहिणीकडे गेलो. (साठच्या दशकात केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट तळावर रॉकेटचा शेंडा सायकलवरून नेला होता, त्या मानानं आमची प्रगती आहे.) तिथं टाचणी थेट त्र्यंबकच्या पलीकडे! गंमत म्हणजे रेखांश चुकलेला, पण अक्षांश जवळजवळ बरोबर. नाशिकरोडला दोन्ही चूक, गंगापूर रोडला एकच चूक. आईला सांगितलं, तर म्हणाली, "त्र्यंबकपर्यंत गेलंच आहे, तर दर्शन घेऊन येऊ दे."

बारा दिवसांनी उजेड पडला. चिप अंश आणि मिनिटं एकाला एक चिकटवून सांगते. १९५६.८६ म्हणजे १९ अंश ५६.८६ मिनिटं. मी ते सरळ १९.५६८६ अंश म्हणून वाचलं. मिनिटांना साठानं भागायचं असतं. मग येतं १९.९४७७, म्हणजे आमचं नाशिकरोड. घड्याळात साडेपाचला ५.३० दिसले म्हणून त्याला 'पाच पूर्णांक तीन दशांश तास' म्हणावं, तसला प्रकार. आणि विसाव्या अक्षांशाची रेघ नेमकी नाशिक शहरातून जाते. तिच्या दक्षिणेला मिनिटं पन्नाशीत, उत्तरेला पुन्हा शून्यापासून. म्हणून रेघ ओलांडली की माझी चूक गुपचूप लहान होत होती. दुसऱ्या कुठल्या शहरात असतो तर निदान एकसारखा चुकलो असतो.

रेडिओचं त्या मानानं लवकर जमलं. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही. अँटेना म्हणून पावणेनऊ सेंटिमीटरची तार पुरते. रेडिओ किती लांब पोहोचतो हे बघायला भाचा नाशिकच्या द्वारका चौकाच्या दिशेनं निघाला आणि दर दोन मिनिटांनी मोबाइलवरून विचारत राहिला, "मामा, रेडिओवर आलं का?"

परवानग्यांचं रामायण कॉलेजनं निस्तरलं. उड्डाण दिंडोरीच्या बाजूच्या माळावर. रॉकेट सुटलं, पोरं किंचाळली, वर पॅराशूट उघडलं आणि वाऱ्यानं सगळं द्राक्षबागांकडे नेलं. पडल्यावरही रेडिओवरून ठिकाणाची पॅकेटं येत होती. मी छाती फुगवून लॅपटॉप फिरवला. ठिपका स्थिर. आणि मग तो चालायला लागला.

ताशी अठ्ठावीस किलोमीटर. उंची जमिनीलगत. वळणाला वळत होता, गतिरोधकापाशी हळू होत होता.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "परत साठानं भागायचं राहिलं का?"

ठिपका एका मळ्यातल्या घरापाशी थांबला. आम्ही गाडीनं गेलो, तर ओसरीवर, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटमध्ये, आमचं रॉकेट. शेतकरी दादा नुकतेच मोटारसायकल लावत होते. "बागेत पडलं होतं. मजूर घाबरले, म्हणून घरी आणलं. पण तुम्हाला घर कसं सापडलं हो?"

मी जीपीएस, उपग्रह, रेडिओ सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा सांगितला, आणि म्हणाले, "सर, याच्यातलं एक त्या कुरिअरवाल्याला बसवून द्या. तीन दिवस झाले, फोन करकरून आमचा मळा शोधतोय."