पदपथ सुगम करायचाय? हे करा

महापालिकेच्या पथ विभागात नवे रुजू झाला असाल आणि टेबलावर ‘सुगम पदपथ’ (म्हणजे व्हीलचेअरवरून किंवा काठी टेकतही जाता येईल असा) नावाची फाइल येऊन पडली असेल, तर घाबरू नका. वरून येणारा कागद चांगलाच असतो. रस्त्यावरून माणसं नेण्याचा विचार करा, वाहनं नेण्याचा नको, असं 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटलंय. हे वाक्य टिप्पणीच्या पहिल्या परिच्छेदात घाला आणि तिथेच सोडा.

आधी उंची. कर्ब, म्हणजे पदपथाची कड, 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको, असं आयआरसी 103 ही इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका सांगते. ते मोडायला कष्ट नाहीत. जुनं डांबर न खरवडता वर नवा थर चढवत राहा. काही वर्षांत रस्ता पदपथाला भिडतो, मग पदपथावर पाणी, मग तक्रारी, मग पदपथ उचलायची निविदा. उचलताय तर 300 करा, पुढच्या थरांची सोय आत्ताच. उतार 1:12 हवा, म्हणजे 150 ला 1.8 मीटर रॅम्प पुरतो, 300 ला 3.6 मीटर लागतो. एवढी जागा आणायची कुठून? मीटरभरात उरका. व्हीलचेअर चढणार नाही, दुचाकी मात्र झकास चढेल.

दुचाकीवर उपाय म्हणजे बोलार्ड, पदपथाच्या तोंडाशी रोवलेले बुटके खांब. स्कूटरचं हँडल साधारण 700 मिलिमीटर, व्हीलचेअरही जवळपास तेवढीच, आणि तिला निघायला 900 ची वाट लागते. 900 सोडली तर स्कूटर घुसते, 600 सोडली तर खुर्ची अडते. (दंडाची पावती फाडणारा माणूस हाही एक उपाय आहे, पण तो दरसूचीत नाही.) 600 सोडा. स्कूटरवाले पुढच्या सोसायटीच्या गेटवरून चढतील.

गेट आलं की पदपथ खाली उतरवायचा. खरं तर पदपथ सलग ठेवून गाडीनं कडेच्या छोट्या उतारावरून चढावं, असं अपेक्षित आहे. पण गाडीवाला नगरसेवकाला फोन करतो, चालणारा करत नाही. शंभर मीटरांत सहा गेटं, म्हणजे बारा चढउतार. ज्येष्ठांचा व्यायाम होतो.

आता अंधांना वाट कळावी म्हणून लावायच्या पिवळ्या फरश्या. रेघांची फरशी म्हणजे ‘चल’, ठिपक्यांची म्हणजे ‘थांब’. गोदामात ज्या जास्त असतील त्या लावा. दोरी धरून ओळ सरळ घ्या. वाटेत महावितरणचा डीपी आलाच, तर ओळ वळवायच्या भानगडीत पडू नका, वळणाची फरशी कापण्यात माल वाया जातो. कटरनं शेवटची फरशी डीपीच्या चौथऱ्याला चिकटेल अशी कापा आणि सांधा पांढऱ्या सिमेंटनं भरून कपड्यानं पुसून घ्या. काठी टेकत आलेला माणूस थेट पत्र्याच्या दारावर पोचतो. पलीकडे ओळ पुन्हा सुरू करा. बिल ज्यावरून निघतं त्या मोजमाप पुस्तिकेत नोंद रनिंग मीटरमध्ये, म्हणजे नुसत्या लांबीची होते, मधला डीपी तिथे दिसत नाही.

बसचं खातं वेगळं, म्हणून त्याकडे बघू नका. लो-फ्लोअर बसची फरशी 400 मिलिमीटरवर असते, आतून व्हीलचेअरसाठी घडीची पाटी निघते. बस थांब्याला चिकटली तर काम भागतं. पण थांब्यापुढे रिक्षा उभ्या, म्हणून बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते आणि मीटरभराची पाटी थेट डांबरावर टेकते. उतार 1:2.5. ती उलगडायला चालकानं उतरायचं, मागे हॉर्नचा गजर. मग पाटी गंजते, आणि ‘वापर नाही’ हा शेरा आपोआप मिळतो.

सर्वोच्च न्यायालयानं 8 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं, की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीचे ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा. तेव्हा टिप्पणीत ‘मार्गदर्शक’ असेल तिथे ‘बंधनकारक’ टाइप करून घ्या. पाहणीला मोजपट्टी न्या, व्हीलचेअर नको. आणि बिलासोबतचा फोटो डीपीकडे पाठ करून काढा.